नवसाआधीचा मनोरा

आमच्या गावच्या कॉलेजात शिरलात की डाव्या हाताची पहिली खिडकी नेलियाची. नाव घालायचं असो, वर्ग बदलायचा असो, की घरी भांडण झालंय म्हणून नुसतं कुठेतरी उभं राहायचं असो, सगळ्यांची गाठ आधी तिच्याशी पडते. केस आता पांढरे झालेत, चष्मा साखळीला लटकत असतो, आणि ऑगस्ट महिन्यात ती नेहमीपेक्षा हळू बोलते. ऑगस्टात ती पोरं येतात ज्यांना खरं तर दुसरीकडे जायचं होतं. ती लगेच ओळखू येतात. खिडकीशी येऊन जमिनीला नाव सांगतात.

"हेही कॉलेज चांगलंच आहे," असं नेलिया त्यांना कधी म्हणत नाही. मी एकदा तिला विचारलं, अगं, धीराचे दोन शब्द बोललीस तर तुझं काय जातं? तर म्हणाली, "मावशी, ते शब्द मला सगळ्या गावाने ऐकवलेत. मला नाही झाला उपयोग." यावर मी गप्प बसले. मी गप्प बसलेली या गावात फार थोड्यांनी पाहिली आहे.

मी लिओंतीना. आमच्या मंडळाच्या उत्सवाचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असतं, आणि तिथे माझ्या परवानगीशिवाय पुदिन्याचं पान हलत नाही. नेलियाची मी धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातात धरली होती, आणि तिने माझ्या नव्या रेशमी पोशाखाची पार वाट लावली होती. तिची आई ती चालायला लागायच्या आतच गेली. बाप एद्वीनो गोठ्यावर. पहाटे गाई पिळायच्या, दुपारी पुन्हा पिळायच्या, मधल्या वेळात झोपायचं. माणसांशी बोलायची सवयच मोडली होती त्याची. गाईंशी मात्र पोटभर बोलायचा. तेव्हा पोरीला वाढवली ती आजीने, एद्वीनोच्या आईने, हर्मिनियाकाकूंनी.

काकू समुद्रापलीकडच्या आमच्या मूळ बेटावरून आल्या त्या लग्न करून, विशीही उलटली नव्हती तेव्हा. बंदरावर आईने त्यांचा हात धरून ठेवला होता, तो सोडवून त्या बोटीत चढल्या. पुढच्या उन्हाळ्यात येते म्हणाल्या होत्या. इथे गोठा, मग पोर, मग आणखी काहीबाही, उन्हाळे गेले, आणि एक दिवस तिकडून निरोप आला की म्हातारी गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मटार सोलता सोलता. पण मी बघत आले होते. गावातलं कुणीही लांब जायला निघालं, लष्करात म्हणा, लग्न होऊन म्हणा, की निरोपाच्या जेवणाला काकूंचं डोकं दुखायचं. सगळे जाऊन भेटायचे, काकू घरात.

आणि नात निघाली हुशार. म्हणजे आमच्यात हुशार म्हणतात तशी नाही, की हिशेब पटकन करते आणि वडिलांची पत्रं वाचून दाखवते. ही खरीच हुशार. शाळेतले मास्तर एद्वीनोला बोलावून घ्यायचे आणि तो बिचारा टोपी हातात धरून, काय चूक झाली म्हणून घाबरत जायचा. ते सांगायचे, हिला डोंगरापलीकडच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत पाठवा. आमच्या कुणाचं पोर तिथे गेलं नव्हतं. त्या युनिव्हर्सिटीच्या मधोमध एक घड्याळाचा मनोरा आहे, त्याचं चित्र नेलियाने कुठूनसं मिळवलं आणि घरातल्या फ्रिजवर लावलं. दूध काढायला उठायची, तेव्हा त्या चित्राकडे बघत कॉफी प्यायची. जेवताना सांगायची, तिथे तासातासाला घंटा वाजतात, आजी. काकू म्हणायच्या, "घंटा आपल्या चर्चलाही आहेत. जेव."

त्याच वर्षी उत्सवाची राणी व्हायचा मान नेलियाकडे आला. पवित्र आत्म्याच्या सणाला आमच्या गावात एक मुलगी राणी होते, आणि चांदीचा मुकुट घेऊन मंडळाच्या हॉलपासून चर्चपर्यंत मिरवणुकीने जाते. तिच्या खांद्यावरून मागे मखमलीचा शेला लोळत असतो, दोन-तीन माणसांच्या लांबीचा, आणि त्यावर मोत्यांचं आणि जरीचं भरतकाम. वर्षभर घरात तेवढंच चाललेलं असतं. मुकुटाकडे सगळे हात जोडतात खरे, पण बायकांची नजर असते शेल्यावर. कुणी गुलाब काढतं, कुणी कबुतर, कुणी संत इझाबेल. काकूंच्या हातचे शेले अर्ध्या गावाने मिरवले होते. त्यांच्या सुईला तोड नव्हती.

काकूंनी नवस बोलल्याचं गावात झालं. नेलियाला युनिव्हर्सिटीत जागा मिळू दे, मग मनोरा शेल्यावर घालून तिला तुझ्या दारात आणीन. छान नवस होता. पण मी त्या वर्षी नाताळाआधी एकदा त्यांच्याकडे गेले, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरी मखमल पसरलेली, आणि तिच्यावर मनोरा अर्धा उभा. मोत्यांच्या भिंती, चांदीच्या जरीचे कोपरे. माझा हात कपाळावरच गेला.

"काकू, हे काय चालवलंय?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय म्हणूनच विचारते. तिकडून अजून ना होय आलंय, ना नाही. मागणं पदरात पडायच्या आधी नवस फेडतात का कुणी?"

आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागणं पुरं झालं की फेडायचं. आधी फेडलंत तर मागणं नासतं. देव म्हणतो, हिचं तर सगळं आटपलंय, आता मी कशाला हात लावू. हे मला शिकवलं कुणी, तर या हर्मिनियाकाकूंनीच.

त्या मान वर न करता म्हणाल्या, "सण काय तुझ्यासाठी थांबणार आहे? आता सुरू केलं नाही तर शेला होईल कधी? तू आपली उत्सवाच्या रश्शाचं बघ."

मी रश्शाचं बघितलं. पण घरी जाताना मनात आलं, म्हातारी आता थकली, तिचं भान सुटत चाललंय. नेलियाला त्यातलं काही वाटलं नाही. ती टेबलाशी बसून मोती निवडायची, मोठे एका वाटीत, बारीक एका वाटीत, आणि कळस कसा हवा ते सांगायची. इतकी खूश मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही.

वसंतात नकार आला.

एद्वीनो भरदुपारी माझ्या दारात उभा. अंगाला गोठ्याचा वास, टोपी हातात. म्हणाला, "घेतलं नाही तिला. मला काय बोलावं कळत नाही. तू ये." मी हातातलं टाकून गेले. नेलिया टेबलाशी बसली होती. रडत नव्हती. काकू पाठ करून सिंकशी उभ्या, एकच धुतलेली ताटली पुन्हा पुन्हा धूत होत्या. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. म्हटलं, पोरी, त्यांना अक्कल नाही. आपल्या गावचं कॉलेज काय वाईट आहे? पुस्तकं तीच असतात की.

नेलियाने माझ्याकडे पाहिलं. "तीच असतात ना? मग तुम्ही सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलल्यासारखं का बोलताय?"

मग उठली आणि म्हणाली, "आजी, कात्री दे."

तो मनोरा तिने स्वतः उसवला. काकूंना हात लावू दिला नाही. मी समोर बसून होते, उठून जावंसं वाटत होतं पण पाय निघेना. एकेक टाका कापायचा, मोती सोडवायचा, वाटीत टाकायचा. मोत्यांचा तेवढाच आवाज. काकू शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. मला वाटलं जपमाळ म्हणतायत. मोती जामच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि बाटली कपाटात वर ठेवली.

आता मखमल म्हणजे काय चीज असते ते ज्याने उसवली त्यालाच विचारावं. टाके काढले, तरी भोकं राहतात, आणि दबलेली लव उठत नाही. आम्ही किटलीच्या वाफेवर धरली, उलटीकडून ब्रश फिरवला, ओलं फडकं ठेवून पाहिलं. दिव्याखाली काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, झकास, कुणाला पत्ता लागायचा नाही. मनोऱ्याच्या जागी काकू काहीतरी गुलाब-बिलाब भरायला निघाल्या, तर नेलिया म्हणाली, "राहू दे रिकामं. खोटं काही नको आता."

उत्सवाच्या दिवशी उन्हाने कहर केला होता. मी पहाटेपासून चुलीपाशी. मिरवणूक निघाली तेव्हा हात पुसत बाहेर आले. पुढे झेंडे, मग वाद्यं, मग नेलिया, हातात मुकुट, मान ताठ. शेला तिच्या मागे रस्त्याने येत होता. वरती कबुतर होतं, कडेला गव्हाच्या ओंब्या होत्या, आणि मधल्या कोऱ्या मखमलीवर तिरपं ऊन पडलं, तसा अख्खा मनोरा दिसायला लागला. भिंती, घड्याळ, कळस. सावलीसारखा, पण अगदी स्वच्छ. सगळ्या बायकांनी पाहिला. शिवताना अर्ध्याजणी येऊन बघून गेल्या होत्या, तेव्हा तो कशाचा ते कुणाला सांगायला नको होतं. तिला एकटीलाच दिसत नव्हता, तो तिच्या पाठीमागे होता. पण लोकांचे चेहरे तिला समोरून दिसत होते, आणि तेवढ्यावरून तिने ओळखलं.

कुणी हसलं असतं तर मी बघून घेतलं असतं. कुणी हसलं नाही. जेवायला बसल्यावर जो तो येऊन तिच्या गालाचा मुका घेत होता. झुलमिरा, आमच्या गल्लीतली, जिच्या जिभेला हाड नाही, ती म्हणाली, "तेरावीला चाललीस ना गं आता? बरं झालं, आजीला सोबत होईल." तेरावी म्हणजे गावचं कॉलेज. बारावीच्या पुढे तिथेच, त्याच पोरांबरोबर, त्याच रस्त्याने, म्हणून तेरावी. पोरं एकमेकांना चिडवायला म्हणतात. झुलमिराने ते लाडाने म्हटलं, त्यामुळे तिला काही सुनावताही येईना. नेलियाने पावावर रस्सा वाढून घेतला आणि शेवटपर्यंत चमचा नुसता फिरवत राहिली. तिच्या थाळीतला पाव रस्सा पिऊन पिऊन लगदा झाला.

पहिलं वर्ष वाईट गेलं. कॉलेज लसूणघासाच्या शेतांना लागून आहे, वारा फिरला की वर्गात गोठ्याचा वास येतो. नेलिया गाडी लांब उभी करायची आणि घंटा होईपर्यंत आतच बसून राहायची. मला ठाऊक आहे, कारण मी त्याच रस्त्याने पाव आणायला जायची. एकदा काचेवर टकटक केलं. तिने काच खाली केली.

"इथे काय करतेस?"

"काही नाही. बसलेय."

"आत बस की, तिथे पंखा असेल."

"आत गेलं ना मावशी, की मग खरंच तिथली होते मी. इथे असेपर्यंत नाही."

मी तिला एक गोड पाव दिला आणि निघून आले. नाताळात बाहेर शिकायला गेलेली पोरं घरी आली, त्यांच्या छातीवर आपापल्या युनिव्हर्सिटीची नावं. नेलिया त्या दिवसांत चर्चलाही पहाटेच्या प्रार्थनेलाच जायची, म्हाताऱ्यांच्यात. कॉलेजचं नाव लिहिलेली पिशवी तिने आतून बाहेर उलटी करून वापरली, ती फाटेपर्यंत.

पण अभ्यास तिने सोडला नाही, आणि तिथे एक मास्तरीण भेटली जी तिच्या मागेच लागली. म्हणाली, इथली दोन वर्षं संपली की पुन्हा अर्ज कर, मधल्या वर्षात घेतात ते. नेलिया नको नको म्हणत होती. शेवटी केला. आणि या खेपेला त्यांनी होकार दिला.

एद्वीनोने गाई तशाच सोडल्या आणि गल्लीभर सांगत सुटला. मी त्याला इतकं बोलताना प्रथमच पाहिलं. नेलिया मात्र जपून हसत होती. एकदा तोंड पोळलेलं, फुंकर घालूनच पिणार. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि खूप वेळ सोडलं नाही. मग मला म्हणाल्या, "मी नवस बोलले होते. यावेळी खरा. उत्सवाला मुकुटामागे अनवाणी चालणार."

"काकू, जूनमधला डांबरी रस्ता आहे. पायांत तुमच्या आधीच मुंग्या असतात, साखर वाढलेली. नेलियाला चालू दे तुमच्या बदल्यात."

"मागितलं मी, फेडणार मी. आणि यावेळी आधी नाही फेडत आहे, बघितलंस ना? होकार आल्यावर फेडतेय."

नियम बरोबरच होता. एद्वीनोने विनवलं, पाद्रीबाबांनी सांगितलं की देव चपला घातलेल्यांचंही ऐकतो. काकू ढिम्म हलल्या नाहीत. हॉलपासून चर्चपर्यंत चालल्या, आणि चर्चपासून परत. पायाखालचं त्यांना काही कळतच नव्हतं, तो आजारच तसा. हसतमुख चालत होत्या. हॉलमध्ये येऊन बसल्या तेव्हा फरशीवर ओले ठसे उमटलेले नेलियाने पाहिले. तिने खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि तळवा वर केला. मी हातातली पळी खाली ठेवली.

जखम भरली नाही. जुलै गेला, ऑगस्ट आला, एक बोट काढावं लागलं, मग पाऊल. नेलिया रोज धुवायची, पट्ट्या बदलायची. सप्टेंबरात तिने युनिव्हर्सिटीला कळवलं की यंदा येऊ शकत नाही. यंदा, असं म्हणाली ती. त्या शब्दाला आम्ही सगळे धरून बसलो. पुढच्या वर्षी काकूंचा गुडघ्यापासून पाय गेला, आणि ती जागाही गेली. पुन्हा अर्ज कर म्हणून मास्तरीण घरी येऊन गेली. नेलियाने तिला कॉफी दिली, वाटेल तेवढा वेळ बसवलं, आणि दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिली. मग गावच्या कॉलेजातच खिडकीवर बसायची नोकरी निघाली, ती तिने धरली.

तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मी काकूंपाशी बसले होते. नेलिया कामावर. खिडकीतून शेतातलं पाणी दिसत होतं. काकू अचानक म्हणाल्या, "लिओंतीना, आधी फेडलं की मागणं नासतं, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की."

"मग मला ठाऊक नव्हतं असं वाटलं तुला?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मुद्दाम शिवला मी तो मनोरा," त्या म्हणाल्या. "लोकांदेखत नवस बोलले की तिला जागा मिळू दे. आणि नासावा म्हणून आधीच फेडायला घेतला. रोज एकेक मोती लावायची आणि मनात म्हणायची, नको नेऊस तिला. मी माझ्या आईला येते म्हणून सांगितलं होतं. मला ठाऊक आहे गेलेली पोर कशी येते ती."

मी म्हटलं, "काकू, युनिव्हर्सिटीवाले काय तुमचा शेला बघायला आले होते?"

"देवाने बघितला." त्या म्हणाल्या, "पुढे तिला गाडीत बसून राहताना बघितलं, तेव्हा दुसरा नवस बोलले. खरा. त्याने तोही ऐकला. पण पहिल्याचा हिशेब त्याने पायातून घेतला. पायाचं काही नाही गं. पोर परत अडकली माझ्यात." त्या रडल्या नाहीत. पांघरुणाची कड बोटांनी सरळ करत राहिल्या, जिथे पाय नव्हता त्या बाजूची. "मी असेपर्यंत तिला सांगू नकोस. ती मला धुते-पुसते, माझ्याकडे तशी बघायला लागली तर मला सोसायचं नाही. मी गेल्यावर, तिला गरज पडली तर सांग."

काकू आणखी काही वर्षं जगल्या आणि एका फेब्रुवारीत गेल्या. आता तरी नेलिया जाईल असं मला वाटलं होतं. ती सोमवारी खिडकीवर हजर. लग्न केलं नाही, बापाचं शेवटपर्यंत केलं, घर नीट ठेवलं. गरज पडली तर सांग, म्हणाल्या होत्या काकू, आणि मला गरज दिसली नाही. पोर शांत होती. जुनं कशाला उकरायचं? वर्षांमागून वर्षं गेली. युनिव्हर्सिटीचं नाव ती साध्या आवाजात घ्यायची, खिडकीवरच्या पोरांना तिथले अर्ज भरून द्यायची, आणि त्यातली कितीतरी गेलीही.

गेल्या उत्सवाला मंडळाने जुने शेले हॉलमध्ये मांडायचं ठरवलं. घरोघरचे शेले भिंतींवर लागले, नेलियाचाही. त्याच्यासमोर एक मुलगी उभी होती, यंदाचीच, जिला कुठूनसा नकार आला होता आणि ऑगस्टात तेरावीला यायची होती. तिने विचारलं, "यात मधे काहीतरी होतं का?" नेलिया तिथेच खुर्च्या लावत होती. मी आत, पण दार उघडं होतं. नेलियाने सांगितलं, एक मनोरा होता. मला तिथे जायचं होतं.

"मग?"

"मी कमी पडले," नेलिया म्हणाली. पाऊस पडला नाही असं सांगावं तसं म्हणाली. त्या मुलीने मान हलवली आणि दोघी मिळून खुर्च्या लावायला लागल्या.

माझा पुदिना हातातच राहिला. साठीला टेकलेली बाई. दुसऱ्या खेपेला त्यांनी होय म्हटलं होतं, ते तिच्या खिजगणतीतच नव्हतं. गेलीच नाही ना, त्यामुळे आपण तिथे निभावलो असतो का ते तिला कधी कळलंच नाही. जवळ उरला तो पहिला नकार, आणि तो तिने एवढी वर्षं जपून ठेवला होता. आणि मी म्हणत होते पोर शांत आहे.

संध्याकाळच्या पंगतीआधी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावून सगळं सांगितलं. नवस, आधी शिवणं, मुद्दाम शिवणं, एकेक मोती. ती पुदिना निवडत ऐकत होती. संपल्यावर हसली.

"मावशी, मी जन्मभर प्रवेशाच्या खिडकीवर बसले. कुणाला घेतात, कुणाला नाही, ते कसं ठरतं, मला विचार. आजीच्या मोत्यांनी काय होणार होतं?"

"मला काय विचारतेस? मी तिने सांगितलं ते सांगितलं."

"आणि मरेपर्यंत तिला वाटत होतं की तिच्यामुळे झालं?"

"मरेपर्यंत."

तिचे हात थांबले. "वेडी," ती म्हणाली. "मला तोंडावर म्हणाली असती ना, जाऊ नको, मला भीती वाटते, तर मी भांडले असते तिच्याशी. कडाकडा भांडले असते, आणि दुसऱ्या खेपेला होकार आला तेव्हा रागाने तरी गेले असते." मग डोळे पुसले, मनगटाने, कारण बोटांना पुदिना लागला होता. मी पातेल्याकडे वळले. मलाही कुणी बघायला नको होतं.

बाहेर लोक बसायला लागले होते, पाव कापायचा होता, आणि मी ढवळत होते. तिने निवडलेला पुदिना टोपलीत टाकला. मग माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, लहानपणी चव बघायला यायची तशी.

"मावशी, परत सांग."

"काय?"

"ते. ती काय म्हणाली ते. सुरुवातीपासून."

मी परत सांगितलं. काही गाळलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि चष्म्यामागे तिचे डोळे अगदी त्या टेबलाशी मोती निवडणाऱ्या मुलीचे झाले होते. खिडकीवर बसणारी, अर्ज कसे ठरतात ते पाठ असलेली बाई त्या वेळी तिथे नव्हती.

"म्हणजे मी कमी पडले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस गं," मी म्हटलं, आणि पुदिन्याची टोपली तिच्या हातात दिली, कारण पहिली पंगत बसली होती.